यंत्र मोडीत कोणी काढायचं?

राजूरच्या कॉलरीत, म्हणजे कोळशाच्या खाणीत, यंत्र नुसतं जुनं झालं म्हणून भंगारात जात नसे. ते आता कामाचं उरलेलं नाही, असं कुणीतरी उघडून, तपासून, सहीनिशी लिहून द्यावं लागे. याला तिथे सगळे ‘सर्व्हे ऑफ’ म्हणत. मोटार असो, पंप असो की कोळशाचे टब ओढणारं हॉलेजचं इंजिन, त्याचा कागद निघायचा. किती वर्षं चाललं, कितीदा दुरुस्त झालं, शेवटच्या दुरुस्तीला किती खर्च आला आणि आता दुरुस्ती परवडेल का, हे त्यात लिहिलेलं असे. इंजिनिअर साहेब, स्टोअरचा माणूस आणि हिशेबखात्याचा माणूस, तिघांच्या सह्या झाल्या की मगच ते यंत्र वर्कशॉपच्या मागच्या आवारात जाई. माझे बाबा त्याच वर्कशॉपात फिटर होते. मी पुढे संगणकांच्या दुरुस्तीत आयुष्य काढलं, आधी नागपूरला आणि मग नव्या मुंबईत. डेटा सेंटरांतून आज जी यंत्रं मोडीत निघतात, त्यांच्याकडे मी या सर्व्हेच्या कागदामुळेच वेगळ्या नजरेने पाहतो. म्हणून आधी तो कागद कुठल्या मातीतला, ते सांगतो.

वणीपासून हाकेच्या अंतरावर राजूर आहे. एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला चुनखडी. चुनाभट्ट्यांची पांढरी धूळ आणि कोळशाची काळी धूळ एकाच गावात उडते, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. हा सगळा मुलूख वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या कोळशाच्या पट्ट्यात येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ह्यूज यांनी १८७७ साली या पट्ट्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. त्याच दशकात नदीपलीकडे वरोऱ्याला सरकारी खाण चालू झाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून आगगाडी आणली गेली. वरोऱ्याची ती खाण १९०६ साली बंद पडली आणि कोळशाचा केंद्रबिंदू बल्लारपूरकडे सरकला. आमचा जिल्हा तर तेव्हा वणीच्याच नावाने ओळखला जायचा. इंग्रजी कागदांत ‘वूण’ जिल्हा. यवतमाळ हे नाव जिल्ह्याला १९०५ साली मिळालं.

राजूरची कॉलरी आधी खासगी होती. ३१ जानेवारी १९७३ ला सरकारने देशभरातल्या कोळसाखाणींचा कारभार हाती घेतला, १ मेपासून त्या राष्ट्राच्या झाल्या, आणि १९७५ साली नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स उभी राहिली. बाबांच्या पिढीने दोन्ही राजवटी पाहिल्या. खासगी मालकाच्या काळात यंत्र टिकवायचं ते पैसे वाचवायला. सरकारी झाल्यावर टिकवायचं ते सुटा भाग येईपर्यंत काम थांबू नये म्हणून. कारणं बदलली, हात तेच राहिले.

त्या हातांचं काम मला सगळ्यात जवळून दिसलं ते बत्तीघरात. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कमरेला बॅटरी आणि टोपीवर दिवा. बॅटरी शिशाची, आम्लाची, दोन सेलची, चार व्होल्टची. तिच्यातून निघालेली जाड वायर पाठीवरून टोपीपर्यंत जायची. प्रत्येक दिव्याला नंबर. माणूस टोकन द्यायचा, दिवा घ्यायचा. पाळी सुटली की दिवा परत, टोकन परत. ज्याचं टोकन खुंटीवर राहिलं तो माणूस अजून खाली आहे, हा हिशेब बत्तीघरवाल्याच्या डोळ्यांसमोर कायम असायचा. परत आलेला दिवा लोखंडी मांडणीवर चार्जिंगला लागायचा. खालपासून वरपर्यंत ओळीने दिवे, प्रत्येकाच्या वर त्याचा नंबर. पुढे नव्या मुंबईतल्या महाप्यात पहिल्यांदा सर्व्हरची रांग पाहिली तेव्हा मला हीच मांडणी दिसली.

पाळी संपायच्या आधी एखादा दिवा मंदावला की त्याची वेगळी नोंद व्हायची. बाबा काही वर्षं बत्तीघराच्या दुरुस्तीवरही होते. मंदावलेला दिवा ते आधी हातात तोलायचे, मग झाकण उघडून काचेच्या नळीने आम्लाची घनता बघायचे. पाणी कमी असेल तर शुद्ध पाणी. टोकांवर पांढरी बुरशीसारखी राख साचली असेल तर गरम पाण्याने धुऊन वर व्हॅसलीन. वायर टोपीजवळ मोडली असेल तर तेवढा तुकडा कापून पुन्हा जोडायची, वायर थोडी आखूड झाली तरी चालायची. सेल गेले असतील तर पेटी बाजूला आणि दिव्याचं डोकं दुसऱ्या पेटीला. एकाचं डोकं, दुसऱ्याची वायर, तिसऱ्याचे सेल असा तयार झालेला दिवा पुन्हा नव्या नंबराने मांडणीवर चढायचा. एकदा मी तुटकी वायर उकिरड्यावर टाकायला निघालो तर बाबांनी हात धरला. “फेकाले काई लागत नाई, लेका. घ्याले लागते.” एवढंच बोलले आणि ती वायर सोलून तांबं वेगळं कसं काढायचं ते दाखवलं.

पण हे काम कसंही नव्हतं, ते मुद्दाम सांगायला हवं. जुनं वापरणं म्हणजे जुगाड, असा समज माझ्या क्षेत्रात फार पसरला आहे. खाणीत ज्वालाग्राही वायू असतो, म्हणून खालच्या मोटारीचं कवच असं असावं लागतं की आत ठिणगी उडाली तरी ज्वाला बाहेर येऊ नये. कवचाच्या दोन भागांमधली फट बाबा फीलर गेजने मोजायचे. मिलिमीटरच्या अंशांचा मामला. फट मर्यादेबाहेर गेली की आतली गुंडाळी अगदी नवीन असली तरी ते कवच खाणीत जायचं नाही. मग गुंडाळी काढून दुसऱ्या कवचात, आणि कवच सर्व्हे ऑफ. म्हणजे टिकवायचं काय आणि टाकायचं काय, दोन्हींचा निकाल मोजमापावर लागायचा.

सर्व्हे ऑफ झालेल्या मालाचं पुढचं आयुष्य गावात दिसायचं. हॉलेजच्या तारेचा दोर शेताच्या कुंपणाला. कन्व्हेयर बेल्टचा तुकडा दारात पाय पुसायला, नाहीतर बंडीच्या तळाला. जुने रूळ छताच्या तुळईला. मोठा माल लिलावात जायचा. लोखंडाच्या भंगारासाठी सरकारने १९६४ सालीच एक महामंडळ काढलं होतं आणि कोल इंडियाचं बरंच भंगार आज त्याच्या ऑनलाइन लिलावातून विकलं जातं. शिशाचं काय व्हायचं, ते मात्र मला आठवलं की आजही बरं वाटत नाही. बॅटरीच्या प्लेटा काही घरी पोचायच्या. कढईत वितळवून जाळ्याला लावायच्या गोळ्या ओतल्या जायच्या, आणि धुरात पोरं उभी असायची. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा काय परिणाम होतो, हे तेव्हा गावात कुणाला ठाऊक नव्हतं. आज सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी तीच कढई देशात जागोजाग पेटलेली आहे. फक्त आता तिच्यात संगणकाचे बोर्डही असतात.

इलेक्ट्रॉनिक्सची पदविका करून मी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरला संगणकाच्या दुरुस्तीत शिरलो. तेव्हा मला वाटलं, कॉलरी मागे पडली. पण पहिल्याच वर्षी कळलं की संगणकाचं जग तिच्याच रीतीने चाललंय.

महाराष्ट्रातल्या संगणकांची सुरुवात दोन वाटांनी झाली. एक वाट कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची. तिथे आपल्याच लोकांनी निर्वात नळ्यांचा संगणक बांधला, तो १९६० साली चालू झाला आणि पुढे त्याला टिफ्रॅक नाव मिळालं. दुसरी वाट व्यापारी. १९६१ साली मुंबईत एस्सो या तेल कंपनीकडे आयबीएम कंपनीचा १४०१ हा संगणक आला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत विमा, रेल्वे, गिरण्या, सरकारी खाती असा या यंत्राचा प्रसार झाला. यातली बरीच यंत्रं नवी नव्हती. परदेशातल्या भाडेकरूंनी परत केलेली १४०१ यंत्रं आयबीएमच्या मुंबईच्या कारखान्यात आणून, उघडून, दुरुस्त करून ती इथे भाड्याने दिली जात. त्या भाड्यावरून आणि जुन्या मालावरून संसदेच्या समितीपर्यंत टीका झाली. भाडं भरमसाट होतं, ती टीका योग्यच होती. पण आपल्या माणसांनी त्या कारखान्यात जे शिकून घेतलं, त्याची नोंद त्या वादात कुठेच झाली नाही. परदेशातून परत आलेला संगणक पुन्हा उभा कसा करायचा, कुठलं कार्ड बदलायचं आणि कुठलं दुरुस्त करायचं, हे मुंबईत पुन्हा पुन्हा केलं गेलं होतं.

त्या शिक्षणाचा कस १९७८ साली लागला. १९७३ च्या परकीय चलन कायद्याप्रमाणे कंपनीतला परदेशी हिस्सा ४० टक्क्यांवर आणायचा होता. आयबीएमने ते मानलं नाही आणि ती देश सोडून गेली. यंत्रं इथेच राहिली. १४०१ तर अमेरिकेत १९७१ सालीच विक्रीतून काढलेला होता. बनवणारा गेला, सुटे भाग बंद, आणि यंत्रावर पगारपत्रकं, विम्याच्या पावत्या चाललेल्या. ही सगळी जबाबदारी १९७५ च्या अखेरीस स्थापन झालेल्या सरकारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने उचलली. देशभरात ८०० हून अधिक ठिकाणची यंत्रं तिच्याकडे आली. पुढे ती सीएमसी म्हणून ओळखली गेली, २००१ साली टाटांकडे गेली आणि २०१५ साली टीसीएसमध्ये मिसळली. सीएमसीचं नाव आज निघतं ते रेल्वे आरक्षणाच्या प्रणालीसाठी. मला मात्र तिचं मोठं काम हेच वाटतं, की निर्मात्याने पाठ फिरवलेली यंत्रं आपल्या लोकांनी वर्षानुवर्षं चालवून दाखवली.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते वरिष्ठ त्याच मुशीतले होते. १४०१ मध्ये तळहाताएवढी कार्डं असायची, त्यांवर सुटे ट्रान्झिस्टर. बिघाड सापडला की कार्ड बदलून यंत्र चालू करायचं आणि मग बिघडलेलं कार्ड घेऊन टेबलाशी बसायचं. ऑसिलोस्कोपवर एकेक ट्रान्झिस्टर तपासायचा. गेलेला काढायचा, त्याच गुणधर्माचा देशी ट्रान्झिस्टर लावायचा. तो कुठे मिळेल हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानदारांना विचारायचं, त्यांना सगळं पाठ असायचं. दुरुस्त कार्डावर तारीख आणि दुरुस्त करणाऱ्याची आद्याक्षरं लिहिलेली असायची. काही कार्डांवर तीन-तीन जणांची आद्याक्षरं मी पाहिली आहेत. वरिष्ठ म्हणायचे, “तुम्ही सही केलीत ना, मग हे कार्ड पुन्हा गेलं तर तुम्हीच यायचं.” बाबांचा सर्व्हेचा कागद आणि हे कार्ड यांत मला फरक दिसेना.

हे सगळं कधी बदललं? कुठल्याही एका दिवशी नाही. बँकांचं संगणकीकरण १९८४ च्या रंगराजन समितीनंतर वाढलं, यंत्रं स्वस्त झाली, बोर्डांवरचे भाग इतके बारीक झाले की टेबलाशी बसून बदलता येईनात. वार्षिक देखभालीचा करार, म्हणजे एएमसी, आधी दुरुस्तीचा करार होता. नव्वदीच्या पुढे तो बदलीचा करार झाला. बोर्ड काढा, नवा लावा, जुना पाठवून द्या. तो कुठे जातो हे लावणाऱ्याला कळेनासं झालं. मग आली ‘सपोर्ट संपला’ ही तारीख. निर्माता जाहीर करतो की अमुक तारखेनंतर या मॉडेलला आमचा आधार नाही, आणि त्या दिवशी पूर्ण तंदुरुस्त यंत्र हिशेबात मेलेलं ठरतं. १९७१ नंतरचे १४०१ चालवणाऱ्या माणसांना ही तारीख दाखवली असती तर त्यांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नसतं, असं मला वाटतं.

माझ्या नोकरीची शेवटची वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात गेली. ऐरोली, रबाळे, महापे. जिथे एके काळी रसायनांचे आणि यंत्रांचे कारखाने होते त्या एमआयडीसीच्या भूखंडांवर आता खिडक्या नसलेल्या उंच इमारती आहेत. मुंबईच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या केबली लागतात, शेअर बाजार आणि बँका जवळ आहेत, वीज मिळते, म्हणून देशातली डेटा सेंटरं इथे दाटली. आणि या विजेचा आमच्या गावाशी संबंध आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात वर्धा खोऱ्यातला कोळसा जळतो. तिथून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, ५०० किलोव्होल्टची वाहिनी १९९९ पासून १५०० मेगावॅट वीज आणू शकते. महाप्यातला सर्व्हर आणि वणीची खाण एकाच तारेच्या दोन टोकांना आहेत, असं मी सहकाऱ्यांना सांगायचो.

हिशेब सोपा आहे. एक बऱ्यापैकी सर्व्हर सरासरी ३०० वॅट घेतो. तो वर्षभर बंद होत नाही, म्हणजे २६२८ युनिट. शिवाय त्याला गार ठेवायला आणि वाटेतल्या गळतीला निम्म्याच्या आसपास आणखी धरा, चार हजार युनिटांच्या जवळ पोचतो. ही सगळी वीज कोळशाची धरली आणि युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम कोळसा, तर एका सर्व्हरचं वर्ष म्हणजे अडीच टन कोळसा. खाणीतल्या टबात साधारण टनभर कोळसा मावतो. अडीच टब. लोडर मजुरांनी फावड्याने भरलेले.

या आकड्यामुळे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागते. जुना सर्व्हर टिकवणं नेहमीच शहाणपणाचं नसतं. ज्या देशात वीज स्वच्छ आहे तिथे सर्व्हर बनवतानाचं प्रदूषण भारी ठरतं, म्हणून तो जितका चालेल तितका चालवावा. आपल्याकडे वीज अजून बरीचशी कोळशाची. दहा जुनी यंत्रं निम्म्या रिकाम्या अवस्थेत चालत असतील आणि तेच काम तीन नव्या यंत्रांवर मावत असेल, तर जुनी बंद करणंच बरोबर. पण बंद करणं वेगळं आणि चुरा करणं वेगळं. त्या दहा यंत्रांतली मेमरी, वीजपुरवठ्याची युनिटं, पंखे, नेटवर्कची कार्डं, सांगाडे यांचं आयुष्य संपलेलं नसतं. बत्तीघरात पेटी गेली म्हणून दिव्याचं डोकं कुणी फेकलं नव्हतं.

यंत्राचं वय किती कागदी असतं, हे जगातल्या मोठ्या कंपन्यांनीच दाखवून दिलं. गूगलने आपल्या सर्व्हरचं आयुष्य हिशेबात तीन वर्षं धरलं होतं. २०२१ साली ते चार केलं आणि २०२३ साली सहा. मायक्रोसॉफ्टने २०२२ साली चारावरून सहावर नेलं. गूगलच्या २०२३ च्या त्या एका बदलाने वर्षाचा घसारा सुमारे ३.९ अब्ज डॉलरांनी उतरला. यंत्रं तीच, खोल्या त्याच, बदलला तो हिशेबवहीतला रकाना. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेची घाई सुरू झाली आणि २०२५ पासून ॲमेझॉनने काही सर्व्हरचं आयुष्य सहावरून परत पाचावर आणलं. म्हणजे वय वाढवता येतं तसं ते घटवताही येतं, आणि दोन्ही वेळा यंत्र उघडून बघणारा फिटर त्या खोलीत नसतो.

आता चुऱ्याबद्दल. जिथे मी होतो तिथलं नाव घेण्याचं कारण नाही, कारण ही पद्धत सगळीकडचीच होती. करार संपलेल्या ग्राहकाच्या शेकडो हार्ड डिस्क आम्ही काढल्या. चाचणीत बहुतेक चांगल्या निघाल्या. तरी त्या सगळ्या यंत्रात घालून चिरडायच्या, असा लेखी आदेश होता. कारण माहिती फुटण्याची भीती. ती भीती खोटी नाही, लोकांचे पैसे आणि आजारपणं त्या डिस्कवर असतात. पण अमेरिकेच्या मानक संस्थेची याबाबतची मार्गदर्शिका वाचली तर तिच्यात तीन पायऱ्या आहेत. माहिती पुसणं, खोलवर पुसणं आणि सगळ्यात शेवटी नाश. माहिती आधीपासून सांकेतिक रूपात साठवली असेल तर किल्ली नष्ट केली की डिस्कवर उरतो तो निरर्थक गोंधळ. नाश हा बिघडलेल्या आणि अतिगोपनीय डिस्कसाठी आहे. आमच्याकडे मात्र पहिल्या दोन पायऱ्या कुणी चढतच नव्हतं, कारण पुसण्याच्या दाखल्यावर सही करायला कुणी तयार नव्हतं. चिरडलेल्या डिस्कचा फोटो काढून पाठवला की सगळे मोकळे.

मी एक बिघडलेली डिस्क तिथल्या नव्या पोरांना उघडून दाखवली होती. आरशासारख्या चकत्या, त्यांवर फिरणारा हात, आणि हाताच्या मुळाशी दोन छोटे चुंबक. इतके जोरदार की बोट सापडलं तर रक्त निघेल. त्या चुंबकात निओडिमियम असतं, दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांपैकी एक. असे चुंबक आपल्याकडे मुख्यतः चीनमधून येतात, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यांतल्या काहींच्या निर्यातीवर बंधनं घातल्यावर आपल्या वाहन उद्योगाची किती धावपळ झाली हे वर्तमानपत्रांत आलंच. आणि आमच्याकडे तेच चुंबक ॲल्युमिनियमच्या चुऱ्यात मिसळून पोत्यांतून जात होते. पोरांपैकी एक जण म्हणाला, “सर, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही.” तो खरं बोलत होता. त्याला डिस्क लावायला आणि काढायला शिकवलं होतं, उघडायला नाही.

इतकं सगळं टाकून दिलेलं जातं कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के नोंदणीकृत रीतीने गोळा होऊन पुनर्वापरात गेला. बाकीच्याचा बराच भाग शेवटी कढईशी आणि आम्लाच्या टबाशी पोचतो. डेटा सेंटरचा माल यात तुलनेने नीट हाताळला जातो, हे मी पाहिलं आहे. पण ‘नीट’ म्हणजे नीट चिरडला जातो, एवढाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो.

आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम २०११ साली आले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ साली ते बदलले, आणि आजचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. उत्पादकांवर पुनर्चक्रणाची टक्केवारी आहे, ६० पासून सुरू होऊन २०२७-२८ पासून ८०. बॅटऱ्यांसाठी २०२२ साली नवे नियम झाले. आजच्या नियमांत मला एक तरतूद फार महत्त्वाची वाटते. दुरुस्त करून पुन्हा वापरात आणलेल्या वस्तूचं प्रमाणपत्र मिळतं आणि तेवढ्यापुरती उत्पादकाची जबाबदारी पुढे ढकलली जाते. म्हणजे दुरुस्तीला कायद्यात किंमत आली. मोठ्या वापरकर्त्याने आपला ई-कचरा नोंदणीकृत ठिकाणीच द्यायचा, हेही ठरलं. पण वस्तू कचरा का ठरली, ते कुणी ठरवलं, उघडून पाहिलं का, हे नियम विचारत नाहीत. कचरा झाल्यानंतरची वाट त्यांनी आखली. त्याच्या आधीचा कागद राहून गेला.

तो कागद राजूरच्या वर्कशॉपात होता. मला तो जसाच्या तसा हवा आहे. डेटा सेंटरमधून निघणाऱ्या प्रत्येक सर्व्हरचा, स्विचचा, यूपीएसच्या बॅटरी-संचाचा एक सर्व्हे. किती तास चालला, किती वेळा आणि कशाने बिघडला, आज किती वीज खातो, त्याच कामाला नवा किती खाईल. मग भागवार निकाल: कुठला भाग पुन्हा इथेच, कुठला दुरुस्तीला, कुठला शाळा-महाविद्यालयांना, कुठला पुनर्चक्रणाला. डिस्क पुसली असेल तर कशी पुसली, चिरडली असेल तर का चिरडली. आणि खाली ज्याने यंत्र स्वतः उघडलं त्याची सही, व्यवस्थापकाची नंतर.

हे खर्चिक आहे, असं मला सांगितलं जातं. पण महाराष्ट्राच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरांना सवलती आहेत. लोकांच्या पैशातून सवलत घेणाऱ्याकडून सर्व्हेचा तक्ता मागण्यात काहीच गैर नाही. तो जोडला नाही तर पुढच्या वर्षाची सवलत थांबवावी. आणि उघडणारे हात कुठून आणायचे, याचंही उत्तर आमच्या भागात आहे. खाणींच्या उत्पन्नातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानला पैसा मिळतो आणि तो खाणबाधित गावांतल्या तरुणांच्या कौशल्य प्रशिक्षणावर खर्च करता येतो. वणी तालुक्यातल्या गावागावांत पदविका, आयटीआय करून घरी बसलेली मुलं आहेत. त्यांना बोर्ड वाचायला, मेमरी तपासायला, डिस्क पुसून दाखला द्यायला, बॅटरी सुरक्षित हाताळायला शिकवणारं एक केंद्र वणीत निघालं, तर नव्या मुंबईतून निघालेला माल आगगाडीने माजरी जंक्शनपर्यंत आणि तिथून वणीला येऊ शकतो. कोळसा ज्या मार्गाने बाहेर गेला त्याच मार्गाने. असं केंद्र निघावं म्हणून मी जिल्हाधिकारी कार्यालयाला अर्ज लिहितो आहे, आणि अभ्यासक्रमाचा पहिला पाठ मी सर्व्हेचा कागद भरण्याचा ठेवला आहे.